डावा कौल

नसीबाने दाराला कुलूप घातलं आणि नेमका तेवढाच आवाज अलीमियाँच्या कानात शिरला. एरवी मोठ्याने बोललं तरी त्यांना अर्धंमुर्धंच ऐकू येई. डोळ्यांना तर केव्हापासून उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. पण कुलपाचा आवाज त्यांनी ऐकला, आणि आपल्याला खुर्चीसकट उचलून नेणाऱ्या मुलाला, मुझफ्फरला, विचारलं, "कुलूप कोणी लावल्यान?"

"नसीबान लावल्यान, अब्बा. गावपळण आसा मा? आख्खो गाव भायर पडता."

यातला 'गावपळण' हा शब्द म्हाताऱ्याच्या डोक्यात कुठेच थांबला नाही. 'नसीबा' आणि 'कुलूप' हे दोन मात्र एकमेकांना जे चिकटले ते चिकटले. सुनेने आपल्याला घराबाहेर काढलं, असा त्यांनी अर्थ लावला. तो अर्थ पुढे कुणाच्या बापाला त्यांच्या डोक्यातून काढता आला नाही.

आता गावपळण म्हणजे काय, ते माहीत नसलेल्यांना सांगायला हवं. या किनाऱ्यावर मोजक्या गावांत ती रीत आहे, त्यांतलंच पेंडखोल एक. दर चार वर्षांनी थंडीच्या दिवसांत ग्रामदेवाला कौल लावायचा. पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. होकार आला की आख्ख्या गावाने तीन दिवस वेशीबाहेर जाऊन राहायचं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, ओली बाळंतीण, सगळ्यांनी. मांजर सापडत नाही म्हणून एखादं घर अडून बसलेलं असतंच. चौथ्या दिवशी सकाळी फक्त मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल लावतात. उजवा झाला तर नौबत वाजते आणि गाव धावत घरी सुटतो. डावा झाला तर आणखी एक दिवस बाहेर. तोवर गावात पाऊल टाकायचं नाही. का, ते विचारू नका. कारणं सांगणारे छप्पन्न आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं. पेंडखोलकर म्हणतात, "पडाचा म्हणजे पडाचा," आणि पडतात.

आणि मजा करतात, हेही सांगितलं पाहिजे. कापणी झालेल्या मळ्यात माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, मुंबईची पोरं रजा टाकून येतात, पत्त्यांचे डाव रंगतात, माशांच्या तिखल्याचे आणि कोंबडीच्या सागोतीचे वास एकमेकांच्या झोपडीत शिरतात. यंदा तर पिंगुळीहून कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आणला होता. मुसलमानवाडी मळ्याच्या दक्षिणेच्या कडेला, काजूंच्या सावलीत उतरली होती. त्या दिवसांत मशिदीतली बांगही बंद असते. नमाज मळ्यातच, चटया टाकून.

त्या सगळ्या जत्रेत नसीबाच्या झोपडीत मात्र एकच पालुपद चाललं होतं. "माका घराक व्हरा. ह्या बायलेन माका भायर काडल्यान. माका घराक व्हरा."

पहिल्या दिवशी नसीबाने समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी कानाशी ओरडून सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने पेज भरवायला चमचा पुढे केला तर म्हाताऱ्याने तोंड फिरवलं. "तुज्या हातचा नको. माज्या घरात माका मारूक येवचा नाय म्हणान भायर हाडलंस."

सासू गेल्यापासून या माणसाचं नसीबाने सगळं केलं होतं. न्हाऊ घालणं, दाढी करणं, अंथरूण बदलणं, सगळं. मुझफ्फरचा मासळीचा धंदा, त्यामुळे तो पहाटे जो जायचा तो दुपारीच उगवायचा. तिने कधी कुरकुर केली नाही, कारण अलीमियाँही कधी 'सून' म्हणून बोलले नव्हते. 'नसीबा, जेवलंस काय गो?' हे त्यांचं रोजचं वाक्य. स्वतःच्या ताटाला हात लावायच्या आधी ते विचारायचं, मग घास घ्यायचा. गेल्याच आठवड्यात कट्टा गावच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आता दवाखान्यात आणायची धावपळ करू नका. घरीच असू देत. थोडे दिवस आहेत." घरीच असू देत म्हणे! आणि हे मळ्यात, झावळ्यांच्या झोपडीत. शेवटचे दोन-चार श्वास राहिलेत आणि म्हातारा ते आपल्याला शिव्या देण्यात घालवतोय, हा विचार नसीबाच्या मनातून हलत नव्हता. तिला दुसरं काही नको होतं. म्हाताऱ्याने घरात डोळे मिटावेत, आणि आपल्याला घालवून दिलं असं मनात ठेवून जाऊ नये, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावाच्या बाजूने धुरळा उडवत एक पांढरी गाडी आली.

पत्ते खेळणाऱ्यांच्या हातातले पत्ते हातातच राहिले. गाडी गावातून येत होती. रिकाम्या, बंद, देवाच्या हवाली केलेल्या गावातून! वेशीवरच्या वडाखालून ती बाहेर पडली, मळ्याच्या कडेला थांबली, आणि तिच्यातून एक उंच गोरी बाई उतरून दोन्ही हात वर करून ओरडली, "भाभी! नसीबाभाभी!"

नसीबाने आवाजावरूनच ओळखलं. योहाना!

चौदा वर्षांपूर्वी ही पोरगी एका संस्थेतर्फे वर्षभर गावात सेवा करायला आली होती. मूळची ऑस्ट्रियाची, तिथे डोंगर पुष्कळ, समुद्र औषधालाही नाही. काम इंग्रजी शिकवायचं. पण आठवड्याभरात तिने पाहिलं की गावचे मुलगे खाडीत बेडकासारखे उड्या मारतात आणि मुली होडीत तांदळाच्या पोत्यासारख्या बसून पलीकडे शाळेत जातात, एकीलाही पोहता येत नाही. तिने जाहीर केलं की मी मुलींना पोहायला शिकवणार. गावात हलकल्लोळ झाला. हिंदूवाडीत झाला तसाच मुसलमानवाडीत. तेव्हा अलीमियाँ उठले. त्यांची लेक सायमा, मुझफ्फरची धाकटी बहीण, खाडीतच गेली होती. होडी उलटली, काठावरची माणसं बघत राहिली. ते कुणाशी वाद घालत बसले नाहीत. नातीचा, नसीबाच्या लेकीचा, इल्माचा हात धरला आणि भर दुपारी सगळ्यांसमोर तिला खाडीत उतरवली. "पोवाक शिकव गो हिका," एवढंच योहानाला म्हणाले. दुसऱ्या दिवशी अकरा मुली आल्या.

योहाना त्या वर्षी सायमाच्या खोलीत राहिली, नसीबाच्या चुलीशी बसून मालवणी शिकली. म्हातारा सगळ्यांना सांगायचा, "अल्लान माजी सायमा परत धाडल्यान."

आता ती धावत आली आणि नसीबाच्या गळ्यात पडली. मागून तिचा कुडाळचा ड्रायव्हर, सत्यवान, कपाळाला हात लावून येत होता.

"भाभी, मी घराक गेलंय. कोण नाय! कुत्रोसुद्दा नाय! मी भियालंय," योहाना हसत-रडत सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगत होती. "ओट्यार बसलंय, हाका मारलंय. मगे बावडेचा पाणी काढलंय, पिलंय."

मळ्यात कुणी हसलं नाही. नसीबाने तिचा हात दाबला, पण जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

"माका म्हायत नाय हो," सत्यवान सगळ्यांकडे बघत गयावया करू लागला. "मोबायलान सड्यावरचो रस्तो दाखवल्यान, मी इलंय. थंय कोण राखणेक नाय होतो." खरंच होतं. राखण होती ती वडाशी. सड्याकडून, वरच्या कातळमाळावरून, कुणी येईल हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. त्या वाटेला पूर्वी बैलगाडीसुद्धा जात नसे.

योहाना झोपडीत वाकून शिरली. म्हातारा छताकडे तोंड करून पडला होता. तिने त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "चाचा, मी इलंय."

अलीमियाँचा चेहरा उजळला. गेल्या कित्येक महिन्यांत नसीबाने तो तसा पाहिला नव्हता. "सायमा?" ते म्हणाले. "सायमा, इलंस? बरा झाला गो. माका घराक व्हर. ह्या बायलेन माका भायर काडल्यान."

योहानाने वळून नसीबाकडे पाहिलं. क्षणभरच; पण त्या नजरेत एक प्रश्न होता आणि तो नसीबाला सुईसारखा टोचला. मग नसीबाने सगळं सांगितलं, गावपळण काय ते, कुलूप काय ते. योहाना खाली मान घालून ऐकत राहिली. वर्षभर राहिली होती, पण तिचं वर्ष पळणीचं नव्हतं.

संध्याकाळी बाहुल्यांचा खेळ रंगला, तेव्हा दोघी काजूखाली बसल्या. योहानाने एकेका मुलीचं विचारलं. नसीबाने सांगितलं. इल्मा रत्नागिरीला दिली, दोन पोरं, सासरी विहीर आहे पण उतरतंय कोण. अक्षया पुण्याला. दीपिकाचं कळत नाही. बाकीच्या जिथे दिल्या तिथे.

"आणि आता पोवाक कोण शिकवता?"

"आता पूल झालो मा," नसीबा म्हणाली. "होडी बंद. शाळेक गाडयेन जातत. कोण कित्या पोवतला?"

 योहाना म्हणाली, "बरा झाला, पूल झालो." तिने ते मनापासून म्हटलं की नाही, नसीबाला कळलं नाही. तिला तेव्हा त्याची फिकीरही नव्हती. तिचं सगळं चित्त दुसऱ्या दिवशीच्या सकाळकडे लागलं होतं. कौल उजवा होईल, नौबत वाजेल, म्हाताऱ्याला त्याच्या माजघरात, त्याच्या खाटेवर, त्याच्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचं. मग त्याचं त्यालाच कळेल.

कौल डावा झाला.

मानकरी देवळातून परत आले तेव्हा त्यांच्या चालीवरूनच मळ्याला कळलं. देवाच्या मनात काय होतं ते देवालाच ठाऊक. पण माणसांना कारण लागतं, आणि कारण आयतं हजर होतं. पांढऱ्या गाडीचं, सड्याच्या वाटेने आलेलं, विहिरीचं पाणी प्यालेलं. नसीबाच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. कोकणातली माणसं तोंडावर नाही बोलत. पण सकाळी जिथे चार बायका तिला 'म्हातारो कसो आसा' विचारून जायच्या तिथे त्या दिवशी एकटी हिंदूवाडीतली सीता आली, आणि तीही इकडेतिकडे बघत.

म्हातारा उतरत चालला होता. पाय गार पडले होते, श्वास मध्येच थांबून पुन्हा सुरू व्हायचा. पालुपद मात्र चालूच होतं, फक्त आवाज बारीक झाला होता.

योहानाला संध्याकाळी निघायचं होतं. गोव्याहून तिचं विमान होतं. ती नसीबाला म्हणाली, "भाभी, गाडी आसा. घर हयच आसा. एक किलोमीटर! आपण तेंका घेवन जावया. कोण मारतलो आमका?"

कोण मारणार होतं? कुणीच नाही. तेच तर कठीण होतं.

नसीबा पदर सावरून गुरुदासकडे गेली. गुरुदास देवळाच्या बारा-पाच मानकऱ्यांपैकी एक, सीतेचा नवरा. त्याच्या वडिलांची आणि अलीमियाँची जन्माची दोस्ती. तो झोपडीबाहेर आपल्या आईचे पाय चेपत बसला होता. ती बिचारीही चार दिवस उघड्यावर होती.

"गुरुदासभाऊ, अब्बांचा काय खरा नाय," नसीबा म्हणाली. "रातभर काडतीत काय नाय सांगूक येणा नाय. तेंका घराक नेलंय तर..."

गुरुदासने आईच्या पायांवर चादर ओढली. "अडवतलो कोण तुका? कोण अडवूचो नाय. तुमचा तुमी बघा," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "पण काल ती गाडी गावातसून इली आणि आज कौल डावो झालो. आता तुमी गेलास आणि उद्या परत डावो झालो, तर मी लोकांका काय सांगू? ह्या आवशीक माज्या आणखी एक रात हय कशी ठेवू?"

"माका समाजता," नसीबा म्हणाली.

"तुका म्हायत आसा मा? तुमच्या वाडीतले चेडे एकदा अडान बसलले. आमचो देव न्हय, आमी कित्या भायर पडाचा? तेव्हा अलीचाचाच बोललो, देव तुमचो नसात, गाव तरी तुमचो आसा मा? गाव भायर पडलो तर तुमी आत रवान कोणाची राखण करतलास? आणि सगळ्यांच्या आदी तोच भायर पडलो. माज्या बापाशीच्याय आदी." गुरुदासचे डोळे भरून आले होते. "आता तेकाच कौलाशिवाय आत नेवचो तर..."

नसीबा मागे फिरली. मुझफ्फरला विचारलं तर तो काजूच्या बुंध्याला टेकून बसला आणि म्हणाला, "तू म्हणशीत तसा." आयुष्यभर बापाच्या सावलीत राहिलेला माणूस, बापानेच घालून दिलेली मर्यादा बापासाठीच मोडायची की नाही, हे ठरवायला त्याला बापच हवा होता.

तेव्हा नसीबाला पहिल्यांदा योहानाचा राग आला. खरा, तळमळून आलेला राग. चौदा वर्षं आली नाहीस, ती नेमकी आजच का आलीस? चार दिवस उशिरा आली असतीस तर घरात आली असतीस, घरातलं जेवली असतीस, आणि म्हाताराही घरात असता. पण योहाना झोपडीच्या दाराशी बसून रडत होती आणि म्हणत होती, "माज्यामुळे? भाभी, माज्यामुळे कौल नाय झालो?" नसीबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "नाय गो. तसा काय नाय," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

आणि तसाच हात ठेवून उभी असताना तिला युक्ती सुचली.

म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. ऐकू येत होतं ते सायमाचं, म्हणजे योहानाचंच. मग घराक नेलंय म्हटलं तर घर! गाडीत घालायचं, मिठबावच्या रस्त्याने एक फेरा मारायचा, आणि परत इथेच आणायचं. गावाची वेस ओलांडायची नाही, कुणाला उत्तर द्यायला नको, आणि म्हातारा आपल्या घरात पोचला.

योहानाला ते पटेना. "खोटा सांगूचा?"

"खोटा खंय? उद्या-परवा घराकच जातलंव मा? आदी सांगलंय तर काय झाला?" नसीबा म्हणाली. तिला स्वतःलाही ते धड पटलं नव्हतं, पण बुडत्याला काडी मिळाली होती.

सीतेने कामाला हात लावला. इतका वेळ इकडेतिकडे बघणारी सीता, करायला काही मिळाल्याबरोबर पहिल्यासारखी झाली. खाटेचं डोकं फिरवून उलट्या बाजूला केलं, म्हणजे घरच्यासारखा वारा पायांकडून येईल. शेजारच्या झोपडीतून निखारे आणि लोबान आणलं; अलीमियाँच्या घरी दर गुरुवारी संध्याकाळी लोबान जळायचं, आख्ख्या वाडीला वास जायचा. मुझफ्फरने बापाला उचलून गाडीत घातलं. योहानाने डोकं मांडीवर घेतलं. नसीबा पुढे बसली, तोंडाला पदर लावून; तिचा आवाज ऐकला की म्हातारा बिथरायचा.

सत्यवानने गाडी अशी हाकली, जशी काही नवरी घेऊन चाललाय. योहाना एकेक खूण सांगत होती, आणि तिला सगळं आठवत होतं, हे बघून नसीबाला भरून आलं. "चाचा, वड गेलो. आता देवूळ. आता महादूचा दुकान."

"शाळेकडलो खड्डो येवक नाय?" म्हाताऱ्याने विचारलं.

योहाना गडबडली. सत्यवानने मात्र काही न बोलता गाडी रस्त्याखाली उतरवून एका दगडावरून घेतली. सगळे हादरले.

"हां," म्हातारा समाधानाने म्हणाला. "इलो. पंचायत काय कामाची नाय."

एवढ्यातही नसीबाला हसू आलं. किती दिवसांनी!

ऊन कलताना गाडी मळ्यात परत आली. गावपळणीतली एवढी माणसं, पण कुणी चकार शब्द काढला नाही. पत्ते थांबले, पोरांना आयांनी धरून ठेवलं, कुणीतरी कुत्र्याच्या तोंडावर फडकं धरलं. सगळा मळा म्हाताऱ्यासाठी रिकामा गाव होऊन बसला. मुझफ्फरने बापाला आत नेऊन खाटेवर ठेवलं. लोबानाचा धूर दाटला होता. अलीमियाँनी दीर्घ श्वास घेतला, हाताने खाटेची पट्टी चाचपली.

"घर," ते म्हणाले.

"होय चाचा," योहाना म्हणाली. "घर."

दारातून नसीबा पुढे झाली. आता सांगायचं, अब्बा, मीच तुम्हाला आणलं, मी कधी बाहेर काढलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, आणि म्हातारा म्हणाला, "सायमा, आता एक कर. त्या बायलेक आत घेव नको. माका परत भायर काडीत."

नसीबा जागच्या जागी थांबली.

"चाचा, भाभीन..." योहानाने सुरुवात केली, पण म्हाताऱ्याचा श्वास चढला, "आत घेव नको, आत घेव नको!" नसीबाने दारातूनच योहानाला खूण केली, राहू दे. ती मागे सरली आणि झोपडीबाहेर, निखाऱ्यांच्या पाटीशी जाऊन बसली. घर तिने दिलं होतं, आणि त्या घराचं दार पहिलं तिच्यावरच बंद झालं. कुणाला दोष द्यावा?

निघायच्या वेळी योहाना तिला बिलगून उभी राहिली. "मी रवतंय. विमान जावंदे," ती म्हणाली.

"रवान काय करतलंस?" नसीबा म्हणाली. त्यात कडवटपणा नव्हता. खरंच काही करण्यासारखं नव्हतं. सत्यवान गाडीशी घोटाळत होता. मळ्यातल्या लोकांच्या नजरा पुन्हा पांढऱ्या गाडीकडे वळू लागल्या होत्या. ही बाई रात्री इथे राहिली आणि सकाळी पुन्हा काही झालं तर? नसीबाच्या मनात तोही विचार येऊन गेला, आणि तो आला याची तिला लाज वाटली. योहाना गेली. जाताना तिने म्हाताऱ्याच्या कपाळावर ओठ टेकले, आणि म्हातारा म्हणाला, "लगेच ये गो."

त्यानंतर आत जायला कुणीतरी हवंच होतं. मुझफ्फर बापाची अवस्था बघून दोन मिनिटांत बाहेर यायचा आणि काजूखाली जाऊन रडायचा. म्हणून नसीबाच गेली, तोंडातून शब्द न काढता. पाण्यात बोट बुडवून ओठांना लावलं, कूस बदलली, पाय पदरात घेऊन चोळले. म्हाताऱ्याने तिचा हात चाचपला, आणि त्याच्या तोंडावर पुन्हा तोच उजेड आला. "सायमा, इलंस?"

नसीबाने हात दाबला. एवढंच तिला करता येत होतं. "नसीबा," असा एक शब्द जरी तिने उच्चारला असता तरी घरही गेलं असतं आणि सायमाही गेली असती.

पहाटे मळ्यात कोंबडे आरवले. उजेड झावळ्यांच्या फटींतून आत यायला लागला. म्हातारा पुष्कळ वेळ शांत होता. नसीबाला वाटलं, गेला. तेवढ्यात तो बोलला. "सायमा."

तिने हात दाबला.

"ती खंय आसा? भायर बसल्या?"

नसीबाने हात दाबला. दुसरं काय सांगणार? ती खरंच बाहेर बसली होती, इथे आत बसलेली असतानासुद्धा.

"बसांदे," म्हातारा म्हणाला. दम घेतला. "पण तिका भाकरी दी हां. उपाशी ठेव नको. कशीय आसली तरी माज्या दारात आसा." पुन्हा दम घेतला. "जेवली काय ती?"

रोज ज्या वाक्याने तिचं ताट सुरू व्हायचं, तेच वाक्य. पण दारातल्या भिकारणीबद्दल विचारावं तसं. नसीबाने पदर दातांत धरला, हुंदका बाहेर येऊ दिला नाही. तो आवाज त्याने ओळखला असता. चार दिवसांत तिच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. तिने म्हाताऱ्याचा हात दाबला. होय, जेवली.

"बरा झाला," म्हातारा म्हणाला.

त्यानंतर तो काही बोलला नाही. ऊन वर आलं तेव्हा श्वास थांबला होता. मुझफ्फर आत आला, बापाच्या छातीवर डोकं ठेवून मुलासारखा रडला. बायका जमल्या, गुरुदास आला, पायांशी बसला. कुणीतरी कलमा म्हणायला सुरुवात केली. तेवढ्यात मानकरी देवळातून येताना दिसले, आणि लगोलग नौबत वाजली. कौल उजवा झाला होता. पण मळ्यातून एकही माणूस घरी धावला नाही. गुरुदासने सगळ्यांना थांबवलं. आधी अलीचाचा आत जाईल, मग गाव. त्याने खांदा दिला, मानकऱ्यांनी दिला, आणि वडाखालून वेस ओलांडून अलीमियाँ खरोखरच्या घरी गेले. लोक म्हणाले, असा मान राजाला मिळत नाही.

गुसलची, मय्यताला न्हाऊ घालायची, तयारी चालली असताना मुझफ्फर नसीबाजवळ येऊन बसला. डोळे सुजलेले. "तू होतंस जवळ," तो म्हणाला. "अब्बा शेवटाक काय बोलले?"

नसीबाने त्याच्याकडे पाहिलं. सगळं सांगावं असं तिला फार वाटलं, निदान एका माणसाला तरी. पण त्याचं तोंड बघून तिच्याने ते होईना.

"मी जेवलंय काय, ता इचारल्यानी," ती म्हणाली.

मुझफ्फरने तिचा हात घट्ट धरला. "मरतानासुद्दा तुजीच काळजी," तो म्हणाला आणि पुन्हा रडायला लागला. मग उठून त्याने बाहेर बसलेल्या सगळ्यांना ते सांगितलं, आणि एकेक बाई येऊन नसीबाला म्हणू लागली, "नशीब काडलंस गो, असो सासरो कोणाक मेळता?" नसीबा प्रत्येकीला "होय" म्हणत राहिली.